उंब्रजची कमाई कुठे मोजायची?

३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. सातारा जिल्ह्यातले दोन तालुके त्या यादीत होते, वाई आणि खंडाळा. सांगलीतले चार: शिराळा, कडेगाव, खानापूर आणि मिरज. माण नव्हता, खटाव नव्हता. जत आणि आटपाडीही नव्हते. म्हसवडकडे ज्याने एखादा उन्हाळा काढला आहे, किंवा जतच्या पूर्व भागात टँकरच्या वाटेवर लागलेली घागरींची रांग पाहिली आहे, त्याला ही यादी वाचून हसावे की रडावे कळले नसेल. चांदोलीच्या कुशीतल्या शिराळ्यात दुष्काळ, आणि जतमध्ये नाही!

ही यादी कुणा पुढाऱ्याने मनाने केलेली नव्हती, हे आधी सांगितले पाहिजे. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेप्रमाणे पावसाची तूट, पावसातले खंड, पेरणीचे क्षेत्र, उपग्रहातून दिसणारी हिरवळ, जमिनीतला ओलावा असे निर्देशांक तपासून ती निघाली होती. त्याआधी आपल्याकडे पैसेवारी होती. गावातल्या गावात समिती बसायची, पीक कापून पाहायची आणि पन्नास पैशांच्या आत की बाहेर ते ठरवायची. पैसेवारीत ओढाताण व्हायची, हे तलाठ्यापासून आमदारापर्यंत सगळ्यांना ठाऊक होते. पण ती गावाची असायची. नवी पद्धत निःपक्ष आहे, मात्र तिचे माप तालुक्याचे. आणि पावसाच्या बाबतीत ती प्रत्येक तालुक्याला त्याच्याच सरासरीशी तोलते. कायम कोरड्या तालुक्याचे कोरडे असणे तिच्या हिशेबी नेहमीचेच.

ओरड झाली. नोव्हेंबरात सरकारने आणखी १०२१ महसूल मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर केली. या वेळी निकष दोन होते. जून ते सप्टेंबरचा पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी हवा, शिवाय तो ७५० मिलिमीटरच्या आतही हवा. म्हणजे मोजणीचा घटक तालुक्यावरून मंडळावर आला आणि नुसत्या टक्केवारीच्या जोडीला खरोखरचे मिलिमीटर आले. पंधरवड्याच्या आत दुष्काळाचा नकाशा बदलला. त्या दिवसांत आभाळात काही बदलले नव्हते. बदलली ती मोजपट्टी.

पाऊस मोजणे तरी सोपे असते. भांड्यात पडलेले पाणी दिसते, वाचता येते. लोकांची कमाई आणि पोरांना मिळणारी संधी यांना असे भांडे नाही. ती मोजताना घटक कुठला धरला आणि पट्टी कुठली लावली यावर उत्तर किती फिरत असेल, याचा विचार आपण फारसा करत नाही. 'जिल्ह्याचे दरडोई उत्पन्न' हा आकडा वर्तमानपत्रात येतो, पालकमंत्री भाषणात वापरतात, आणि पुढच्या वर्षी नवा येतो.

उंब्रज घ्या. पुणे-बंगळूर महामार्गावर सातारा आणि कराड यांच्यामध्ये, तारळी जिथे कृष्णेला मिळते तिथले हे गाव. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक इथे आहे. कारभार ग्रामपंचायतीचा असला तरी चेहरा पेठेचा. चाफळच्या खोऱ्यातून, चरेगाव-मल्हारपेठच्या बाजूने रस्ते इथे उतरतात. पूर्वेला कृष्णा ओलांडली की मसूर आणि तिथले रेल्वे स्टेशन. नदीकाठची जमीन उसाची, सह्याद्री कारखाना जवळच यशवंतनगरला. महामार्गाने गावाला गिऱ्हाईक दिले आणि गाव मधोमध तोडलेही. भराव घातलेल्या पुलाऐवजी खांबांवरचा, आरपार दिसणारा पूल हवा अशी मागणी उंब्रजकरांनी उगाच लावून धरलेली नाही. भरावाच्या पलीकडच्या दुकानदाराचा धंदा त्या भिंतीने किती बसला, हे मात्र कुठल्याही सरकारी तक्त्यात सापडणार नाही. कारण तक्ता जिल्ह्याशी येऊन थांबतो.

जिल्ह्याचा तक्ता बनतो कसा? राज्याचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय दरवर्षी जिल्हा उत्पन्नाचे अंदाज करते आणि ते 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' या अहवालात छापले जातात. मुंबई, ठाणे, पुणे वरच्या टोकाला. नंदुरबार, गडचिरोली, वाशिम खालच्या. सातारा-सांगली मध्ये कुठेतरी. यातला शेतीचा भाग बराचसा मोजलेला असतो: पिकाखालचे क्षेत्र, पीक कापणी प्रयोगातून निघालेला उतारा, बाजारभाव. उसाच्या बाबतीत तर कारखान्याच्या काट्यावरचे वजनच हाताशी असते. पण बँका, रेल्वे, दूरसंचार अशा अनेक क्षेत्रांत आधी राज्याचा आकडा ठरतो आणि मग कामगारांची संख्या किंवा तत्सम काही निर्देशक लावून तो जिल्ह्यांत वाटला जातो. ती मोजणी नव्हे, वाटणी आहे. आणि वाटणीला आधार कशाचा, तर २०११ च्या जनगणनेचा आणि २०१३ च्या आर्थिक गणनेचा. त्यानंतर महामार्गालगत किती ढाबे निघाले, किती बंद पडले, किती पोरांनी मोबाइल दुरुस्तीचे दुकान टाकले, हे त्या वाटणीत येणार कसे? संचालनालयाला दोष देण्यात अर्थ नाही. हाती आहे तेवढ्यावर ते काम करतात आणि आपली पद्धत लपवतही नाहीत.

माझा आक्षेप आकड्याच्या जुनेपणावर नाही. तो आकडा नवाकोरा, अगदी काटेकोर असता तरी त्याने उंब्रजबद्दल चुकीचेच सांगितले असते. कारण त्यात उत्पन्न मोजले जाते ते जिथे *तयार* होते तिथे. ज्या घरात ते येते, जिथे त्यातून शाळेची फी भरली जाते, स्लॅब पडतो, म्हातारीच्या डोळ्याचे ऑपरेशन होते, तिथे नाही.

सातारा-सांगलीच्या बाबतीत हा फरक किरकोळ नाही. या भागाचा संसारच गेली शंभर वर्षे दोन ठिकाणी चालला आहे. गिरण्यांच्या काळात घरटी एक माणूस मुंबईला असे आणि पोस्टमनच्या पिशवीतून घर चाले. गिरण्या गेल्या, पण वाट मोडली नाही. मुंबई-नवी मुंबईच्या बाजारांत पाठीवर गोणी वाहणाऱ्या माथाडींत पाटण-जावळीकडची माणसे किती आहेत, हे वाशीच्या कुठल्याही धक्क्यावर उभे राहिले की बोलीवरून कळते. त्यांचे नेते अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातल्याच मंद्रुळकोळ्याचे; १९६९ चा माथाडी कायदा त्यांच्याच लढ्याचे फळ. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला 'मिलिटरी' हे बिरुद लागले, ते घरोघरच्या फौजींमुळे. तिकडे विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव भागातले गलाई बांधव देशाच्या कानाकोपऱ्यात सोने-चांदी गाळण्याचा धंदा करतात. दुकान तमिळनाडूत नाहीतर उत्तर प्रदेशात, आणि घर, देऊळ, जत्रेची वर्गणी गावात. हल्लीची पिढी पुण्याला: चाकणच्या कारखान्यात, हिंजवडीच्या कंपनीत, नाहीतर ओला-उबरच्या गाडीवर.

ही सगळी कमाई हिशेबाच्या वहीत मुंबई, ठाणे, पुणे, चेन्नई यांच्या खात्यावर जाते. इकडे गावात राहिलेले आई-वडील मात्र साताऱ्याच्या लोकसंख्येत मोजले जातात. वरचा आकडा कमी, खालचा तेवढाच.

लोक बाहेर जातात याचा पुरावा जनगणनेतच आहे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या १६ टक्क्यांनी वाढली. सातारा जिल्ह्याची जेमतेम ७ टक्क्यांनी, ३० लाखांपर्यंत. त्याच जनगणनेत राज्यात हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या, साताऱ्यात ९८८. हा आकडा पाहून कुणी साताऱ्यातल्या स्त्री-पुरुष समतेचे गोडवे गाईल, तर त्याला जनगणनेच्या दिवशी गावातले पुरुष कुठे होते ते विचारावे.

उलटी गळतीही आहे, आणि ती तितकीच मोठी असावी. चाफळ-तारळ्याच्या वरच्या अंगाला, वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारांवर पवनचक्क्यांची रांग फिरत असते. वीज इथल्या वाऱ्यावर होते, म्हणून ते उत्पादन इथले धरले जाणार. नफा ज्यांच्या खात्यात जातो, ते मालक बहुतेक इथले नव्हेत. पठारावरच्या वाडीत राहणाऱ्या धनगर कुटुंबाच्या वाट्याला जमिनीचे एकदा आलेले पैसे आणि फार तर राखणदाराची नोकरी. कोयनेची तऱ्हा आणखी निराळी. धरण पाटण तालुक्यात, बुडालेली गावे सातारा जिल्ह्यातली, विस्थापित झालेली माणसे इथली. पण पाणी बोगद्यातून सह्याद्रीखाली कोकणात उतरते आणि मुख्य वीजगृहे पोफळी-अलोऱ्याच्या बाजूला, रत्नागिरी जिल्ह्यात आहेत. जिथे जनित्र फिरते तिथे हिशेब धरला, तर कोयनेच्या १९६० मेगावॉटमधला धरणाच्या पायथ्याचा लहानसा वाटा तेवढा साताऱ्याचा.

ऊसतोडीचे पाहा. हंगाम सुरू झाला की बीडकडून टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत तोड करायची. उंब्रज-मसूरच्या शिवारात चार-पाच महिने पाचटाच्या कोपी उभ्या राहतात. त्या कोपीतल्या बाईने पहाटे तोडलेला ऊस साताऱ्याच्या उत्पन्नात जमा होतो. ती स्वतः मोजली जाते बीडच्या लोकसंख्येत. आमचे दरडोई त्यामुळे थोडे फुगते, बीडचे थोडे आकसते. आणि तिचा मुलगा फेब्रुवारीत कोणत्या शाळेच्या पटावर असतो, हा प्रश्न दोन्ही जिल्ह्यांच्या तक्त्यांमधल्या फटीत पडून राहतो.

हे कुणाला सुचलेच नाही असे नव्हे. अमेरिकेत तीन हजारांवर काउंटी आहेत. आपल्या तालुका-जिल्ह्याच्या दरम्यानचा म्हणावा असा तो घटक. तिथली राष्ट्रीय हिशेब ठेवणारी संस्था प्रत्येक काउंटीचे दोन आकडे वेगवेगळे काढते. एक, त्या हद्दीत उत्पादन किती झाले. दुसरा, त्या हद्दीत *राहणाऱ्यांच्या* हाती किती आले. दुसऱ्या आकड्यात शेजारच्या काउंटीत नोकरीला जाणाऱ्याचा पगार त्याच्या घराच्या काउंटीकडे वळता केला जातो. पेन्शन, व्याज, सरकारी मदतही धरली जाते. त्यांची प्रशासकीय व्यवस्था निराळी, प्राप्तिकराच्या नोंदी निराळ्या. त्यांचे सगळे इथे लागू पडणार नाही. पण दोन आकडे वेगळे ठेवायचे, एवढी साधी शिस्त पाळायला श्रीमंत देश असावे लागत नाही.

आता हद्दींकडे येऊ. चाफळ पाटण तालुक्यात आणि उंब्रज कराड तालुक्यात. चाफळ खोऱ्यातल्या माणसाने पाटण गाठायचे ते तहसील कचेरीसाठी. बियाणे, औषध, सोनार, दवाखाना, पुण्याची गाडी यांसाठी पाय उंब्रजकडे वळतात. त्या गिऱ्हाइकावर चालणाऱ्या दुकानांचा धंदा कराड तालुक्याच्या नावावर जातो आणि कराड आणखी सधन, पाटण आणखी मागास दिसतो. दोन्ही गोष्टी थोड्याफार खऱ्याही आहेत. पण डोंगर आणि पेठ हे मिळून एकच आर्थिक शरीर आहे. पेठेत मंदी आली की डोंगरातल्या पोराची रोजंदारी जाते, डोंगरात भात पडला की पेठेतली उधारी थकते. तालुक्याची रेघ त्याच्या मधोमध गेली म्हणून ते दोन होत नाही.

जिल्ह्याची रेघ तरी कुठे पूर्वापार आहे? १९४९ मध्ये संस्थाने विलीन झाली तेव्हा जुन्या साताऱ्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन जिल्हे झाले, आणि दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळाले. आज सातारा जिल्ह्यात ११ तालुके आहेत. त्यातल्या महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि माणमध्ये पाचशेच्या आसपास. त्यांची सरासरी काढली तर जो आकडा येईल, तसा पाऊस जिल्ह्यातल्या फारच थोड्या गावांवर पडत असेल. उत्पन्नाच्या सरासरीचेही तेच.

महाराष्ट्राच्या राजकारणात हा घटकाचा प्रश्न एकदा फार महाग पडला आहे. १९८३ मध्ये प्रादेशिक असमतोलाचा शोध घेण्यासाठी वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. १९८४ च्या अहवालात तिने रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने अशा बाबींत प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीच्या किती मागे आहे ते काढले आणि ३,१८६ कोटींचा अनुशेष मांडला. 'अनुशेष' मराठी माणसाच्या रोजच्या बोलण्यात आला तो तेव्हापासून. काम मोठे होते, आणि त्या वेळी विश्वासार्ह आकडे मिळत होते ते जिल्ह्याचेच, त्यामुळे जिल्हा हा घटक धरणे मला चूक वाटत नाही. चूक पुढच्यांची. त्यांनी तोच घटक पिढ्यानुपिढ्या चालवला. त्यातून 'पश्चिम महाराष्ट्र म्हणजे साखर' हे एक चित्र पक्के झाले, ज्यात माण, जत, आटपाडी कुठेच बसत नाहीत. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली, तेव्हा विदर्भ आणि मराठवाडा सोडून जे उरले त्याला 'उर्वरित महाराष्ट्र' म्हटले गेले. कोकण, खानदेश आणि आमचे उंब्रज एका पोत्यात.

त्याआधीच्या पिढीला छोट्या घटकाचे वावडे नव्हते, ही गंमत आहे. धनंजयराव गाडगीळांच्या गोखले संस्थेने १९४० मध्ये वाई तालुक्यातल्या शेतीव्यवसायाची पाहणी प्रसिद्ध केली. संगणक नाही, उपग्रह नाही; माणसे वाडीवस्तीवर जाऊन शेतकऱ्याचा जमाखर्च उतरवून घेत. याच जिल्ह्यात, उंब्रजपासून मोटारीने तास-दीड तासाच्या अंतरावर ते झाले. ऐंशी वर्षांनंतर वाई तालुक्याबद्दल आपल्याला त्याच तपशिलाने काही माहीत आहे का?

इथवर आजच्या स्थितीचे झाले. संधी हा त्याहून अवघड प्रकार, आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचा. एखाद्या गावात आज पैसा असेल, पण तिथल्या शेतमजुराच्या मुलीला पुढे जायला वाट नसेल. उलट एखादे गाव गरीब असेल, पण तिथून पोरे वर निघत असतील. दरडोई उत्पन्नाला हा फरक दिसत नाही.

काले हे कराड तालुक्यातलेच गाव. तिथे १९१९ मध्ये भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची मुहूर्तमेढ रोवली. १९२४ मध्ये ती साताऱ्याला आली. पुढच्या काळात या भागातल्या किती घरांचे नशीब तिने फिरवले, ते इथल्या वाचकाला सांगायला नको. आता हिशेबाच्या वहीत रयतची नोंद कशी होते पाहा. अशा शाळेचे उत्पादन म्हणजे ढोबळमानाने शिक्षकांचे पगार. 'कमवा आणि शिका' करत शिकलेला मुलगा मुंबईत इंजिनिअर झाला, तर त्याची कमाई मुंबईची. साताऱ्याच्या खात्यावर त्याच्या मास्तरांचा तीस दिवसांचा पगार तेवढा. जिल्ह्याने आपले सर्वांत चांगले काम करावे आणि त्याचे श्रेय दुसऱ्या जिल्ह्याच्या आलेखात चढावे, अशी ही पद्धत आहे.

अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत या प्रश्नाला सरळ हात घातला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात चार कोटींहून जास्त मुले आणि त्यांचे आई-वडील यांच्या करनोंदी जोडून पाहिल्या होत्या. घटक काउंटी धरला नाही. लोक कामाला जिथून जिथे ये-जा करतात अशा काउंट्या एकत्र करून ७४१ परिसर केले. आणि माणूस आज कुठे राहतो हे न पाहता तो *लहानाचा मोठा कुठे झाला*, तिथे त्याची नोंद केली. तळच्या पाचव्या हिश्श्यातल्या घरात जन्मलेले मूल वरच्या पाचव्या हिश्श्यात पोचण्याची शक्यता शार्लट शहराच्या परिसरात ४.४ टक्के निघाली, सॅन होजेच्या परिसरात १२.९ टक्के. शार्लट काही गरीब शहर नाही. बँकांचे मोठे केंद्र आहे. २०१८ मध्ये याच लोकांनी मोहल्ल्याएवढ्या घटकापर्यंतचा नकाशा सर्वांसाठी खुला केला.

आपल्याकडे करनोंदींवरून हे साधणार नाही. शेतीच्या उत्पन्नाला कर नाही, आणि बहुसंख्य लोक विवरणपत्रच भरत नाहीत. राहता राहिला तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. तो मराठीतला सर्वाधिक खपाचा कल्पित वाङ्मयप्रकार आहे, याबद्दल दुमत नसावे. मग उंब्रजच्या परिसरात लहानाची मोठी झालेली मुले कुठवर पोचली हे कसे कळणार?

शाळेच्या कपाटात एक जाड, लांबट वही असते: जनरल रजिस्टर. आडव्या ओळीत एकेका मुलाचा जन्म. अनुक्रमांक, नाव, आईचे नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, दाखल झाल्याची तारीख, आधीची शाळा, प्रगती, वर्तणूक ('चांगली', दुसरे काही लिहिलेले सहसा सापडत नाही), शाळा सोडल्याची तारीख, आणि शाळा सोडल्याचे कारण. शेवटच्या रकान्यात 'दहावी उत्तीर्ण', 'पालकांची बदली', 'सतत गैरहजर'. ही वही कायम जपायची असते. जातीचा पुरावा काढायला लोक पणजोबाच्या काळापर्यंतची पाने उलटतात, म्हणजे ती किती टिकते हे सिद्धच आहे. तिच्यातून २००५ साली दहावीच्या वयात असलेली सगळी मुले काढा, मधेच गळालेलीसुद्धा. आज ती कुठे आहेत आणि काय करतात, हे शोधायला गुप्तहेर नकोत. प्रत्येक बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप असतो, आणि ग्रुपवर नसलेल्याची खबर शेजारच्या वाडीतल्या कुणाला तरी असते. बापाचा धंदा आणि मुलाचा धंदा शेजारी शेजारी लिहा. मग चाफळ खोऱ्यातल्या मुलात आणि नदीकाठच्या बागायतदाराच्या मुलात वीस वर्षांनी किती अंतर पडले ते दिसेल. मुलींच्या बाबतीत काम जास्त चिकाटीचे. लग्नानंतर त्यांचे नाव माहेरच्या रेशनकार्डातून कमी होते, आडनाव बदलते, आणि शिकून काय केले हे विचारणारी नोंद कुठेच राहत नाही. पण खरी संधी मोजायची तर तिथेच मोजली पाहिजे.

अशा वह्या आणखी आहेत. ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर ८ मध्ये प्रत्येक घराची आकारणी असते: माती-कौलाचे की स्लॅबचे, किती चौरस फूट. कारखान्याच्या शेती खात्याला कुठल्या गटात कुणाचा किती ऊस ते पाठ. विकास सोसायटीला थकबाकीदार माहीत, दूध डेअरीला दर दहा दिवसांचे बिल माहीत. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः फोनवरून पिकाची नोंद करतो. माहितीचा दुष्काळ नाही. ती एकत्र मांडून गावाला परत देण्याची पद्धत नाही.

यावर तीन हरकती येतात, आणि तिन्ही गंभीर आहेत.

घटक लहान झाला की आकडा डळमळतो. नमुना पाहणीत एका तालुक्यातली पंचवीस-तीस घरे आली, तर त्यावरून बेरोजगारी सांगणे हा जुगार. म्हणूनच आजवरच्या राष्ट्रीय नमुना पाहण्यांत सातारा-सांगलीचे आकडे पुणे, सोलापूर, कोल्हापूर यांच्यासह एका मोठ्या विभागात मिसळलेले असत. जानेवारी २०२५ पासून श्रमबळ पाहणीच्या नव्या आराखड्यात जिल्हा हा मूळ घटक झाला आहे. हे चांगले झाले, पण त्यातून तालुका मिळणार नाही. माझे म्हणणे असे की गावपातळीवर नमुना पाहणीच्या मागे लागूच नये. तिथे वह्या आहेत, आणि वही सगळ्यांची असते.

दुसरी हरकत गोपनीयतेची. दोनशे उंबऱ्यांच्या वाडीत 'एका घराचे उत्पन्न दहा लाखांवर' असे छापले, तर ते घर कुठले हे शेंबड्या पोरालाही कळेल. म्हणून वाडीचे आकडे छापायचे नाहीत, पेठेच्या परिसराचे छापायचे. उंब्रज आणि त्याच्याकडे उतरणारी गावे मिळून एक घटक.

तिसरी हरकत मला सर्वांत खरी वाटते. आकड्याला निधी चिकटला की आकडा बिघडतो. मागास ठरण्यात फायदा असेल तर प्रत्येक सरपंच मागास होईल. पैसेवारीचे तेच झाले होते. यावर रामबाण उपाय नाही. पण निधीचे आकडे आणि समजून घेण्याचे आकडे वेगळे ठेवता येतात. २००५ च्या बॅचमधली किती मुले आज कुशल कामावर आहेत, यावर कुणाला अनुदान मिळणार नसेल, तर ते खोटे सांगण्याचे कारणही उरत नाही.

सध्या वेळ चांगली आहे म्हणून हे लिहितो. राज्याने एक लाख कोटी डॉलरच्या अर्थव्यवस्थेचे उद्दिष्ट ठेवले आहे आणि त्यासाठी प्रत्येक जिल्ह्याने आपला विकास आराखडा करायचा आहे. जिल्ह्यांची ही क्षमता वाढावी म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये जागतिक बँकेने सुमारे १९ कोटी डॉलरचे साहाय्य मंजूर केले. यात भीती एकच. आराखड्याचे यश जिल्हा उत्पन्नाच्या वाढीने मोजले गेले, तर अधिकारी साहजिकच उत्पादन हद्दीत आणण्यामागे लागतील. आणखी पवनचक्क्या आल्या की आकडा वाढेल. चाफळचा मुलगा पुण्यात स्थिरावून आईला दरमहा दहा हजार पाठवू लागला, तर तो वाढणार नाही. आणि जनगणना येते आहे. तिचा संदर्भदिनांक १ मार्च २०२७ आहे. मागच्या खेपेला स्थलांतराचे तक्ते हाती यायला आठेक वर्षे लागली. या खेपेला ते तालुकानिहाय आणि वेळेत मागितले पाहिजेत, आणि मागणी जिल्हा नियोजन समितीकडून गेली पाहिजे.

तोवर थांबण्याचेही कारण नाही. जिल्हा सांख्यिकी कार्यालय दरवर्षी सामाजिक व आर्थिक समालोचन काढते. त्यात बाहेरून येणाऱ्या कमाईचे एक प्रकरण असावे, असा ठराव कुठलीही ग्रामसभा करू शकते. उंब्रज, मसूर, चाफळ परिसरातल्या वाचकांनी पुढच्या ग्रामसभेत तो मांडावा, आणि त्याच बैठकीत आपल्या हायस्कूलच्या २००५ च्या बॅचची पाहणी करायला चार माणसे नेमावीत. वही कपाटात आहे. मुख्याध्यापकांना ग्रामपंचायतीचे एक पत्र लागेल.